हॉट एअर बलूनची सफर बुक करताय? पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा हे प्रश्न

पावसाळा संपून हवेत गारवा आला की पिंपरी-चिंचवडकरांच्या मोबाइलवर काही रील्स हमखास दिसू लागतात. धुक्यातले डोंगर, वर तरंगणारा रंगीत फुगा, वेताच्या टोपलीतून हात हलवणारं जोडपं आणि खाली व्हॉट्सअॅप क्रमांक. पिंपळे गुरव, सांगवी, वाकडमधून कामशेत-लोणावळ्याचा पट्टा गाडीने फार लांब नाही. त्यामुळे शनिवारी रील पाहिली आणि रविवारी पहाटे निघालो, असा बेत पटकन ठरतो.

पण पायलटचा परवाना, गॅसच्या नळ्यांची तपासणी आणि त्या सकाळचा वाऱ्याचा वेग रीलमध्ये दिसत नाही. मग ज्याला विमानातलं काही कळत नाही, अशा माणसाने कंपनी पारखायची कशी?

थोडक्यात उत्तर असं, की कंपनी उड्डाण कसं करते यापेक्षा ती उड्डाण कधी आणि कसं रद्द करते, ते आधी विचारा. असं का, ते समजून घेऊ.

पिंपळे गुरववरून बलून का उडत नाही?

याची पहिली अडचण हवाई हद्दीची. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि पुण्याच्या आसपासच्या आकाशात नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय उडता येत नाही. दुसरी अडचण जमिनीची. बलून उडवायला मोकळं मैदान लागतं आणि उतरवायला त्याहून जास्त मोकळी जागा लागते. इमारती, विजेच्या तारा, मोबाइल टॉवर आणि रहदारी यांच्या दाटीत तशी जागा नाही.

म्हणून पुणेकरांच्या वाट्याला बलून येतो तो घाटमाथ्याकडे. जयपूरमुळे नावारूपाला आलेल्या ‘स्काय वॉल्ट्झ’ या कंपनीने लोणावळा परिसरातही बलून सफरी चालवल्या आहेत. भाताची काढणी झाली की मावळातली खाचरं मोकळी होतात आणि उतरायला जागा मिळते. पावसाळ्यात मात्र हा खेळ बंदच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुणी ‘ढगांमधून बलून सफर’ विकत असेल, तर तिथेच थांबा.

बलून उडतो कसा आणि धोका नेमका कुठे असतो?

तत्त्व सोपं आहे. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी असते. टोपलीच्या वर बसवलेला बर्नर गॅस जाळून फुग्यातली हवा साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि फुगा वर जातो. खाली यायचं तर बर्नर बंद ठेवायचा किंवा माथ्यावरची झडप दोरीने उघडून गरम हवा सोडायची.

म्हणजे पायलटच्या हातात वर आणि खाली या दोनच दिशा असतात. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे हे सगळं वारा ठरवतो. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्याचा फायदा घेऊन कुशल पायलट थोडीफार दिशा निवडतो. पण बलूनला सुकाणू नसतं आणि ब्रेकही नसतो.

याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी मुंबईतून हॉट एअर बलूनमध्ये उड्डाण करून तब्बल २१,०२७ मीटर उंची गाठली आणि जागतिक विक्रम केला. त्यांची केबिन हवाबंद होती आणि पाठीशी तज्ज्ञांचा चमू होता. तरी उड्डाण मुंबईत झालं आणि बलून उतरला तो नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या पांचाळे इथे. इतक्या तयारीच्या मोहिमेतही वारा नेईल तिकडेच जावं लागतं.

म्हणूनच बलूनमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय जमिनीवर होतो. आज उडायचं की नाही? एकदा जमीन सुटली की चूक दुरुस्त करायला फार थोडे मार्ग उरतात.

उड्डाण पहाटेच का?

सूर्योदयाच्या सुमारास जमीन गार असते आणि हवा शांत असते. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा उसळून वर येऊ लागते आणि वारा झोत मारतो. डोंगराळ भागात हे आणखी जाणवतं. साधारणपणे जमिनीवरचा वारा ताशी १५ ते १८ किलोमीटरच्या पुढे गेला, की जबाबदार पायलट उड्डाण टाळतात.

कामशेत हे पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहे. पॅराग्लायडरला नेमकी हीच वर उसळणारी हवा हवी असते. बलूनला ती नको असते. त्यामुळे ‘सकाळी पॅराग्लायडिंग, दुपारी बलून’ असं पॅकेज कुणी देत असेल, तर त्याला यातलं एकही धड कळत नाही असं समजायला हरकत नाही.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे धुकं. पवना धरणाच्या बाजूला सकाळी दाट धुकं उतरतं. फोटो छान येतात, पण खाली विजेच्या तारा दिसत नसतील तर तेच धुकं जीवघेणं ठरतं.

आजवरचे अपघात काय सांगतात?

बलून अपघात रोज होत नाहीत. पण जे मोठे अपघात झाले, त्यांची कारणं पाहिली की कंपनीला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ बलून विजेच्या तारांवर आदळला आणि सर्व १६ जणांचा मृत्यू झाला. धुकं आणि ढग असतानाही पायलटने उड्डाण केलं, असं तपासात स्पष्ट झालं. त्याला असलेले आजार आणि तो घेत असलेली औषधं यांचाही निर्णयावर परिणाम झाला असावा, असं तपास यंत्रणेने म्हटलं. त्या वेळी अमेरिकेत बलून पायलटला वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती नव्हती. ती पुढे २०२२ मध्ये व्यावसायिक पायलटांसाठी लागू करण्यात आली.

जानेवारी २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या कार्टरटनमध्ये बलून तारांना अडकून पेटला आणि ११ जण दगावले. पायलटच्या शरीरात गांजाचा अंश सापडला होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये इजिप्तच्या लक्सरमध्ये उतरताना गॅसच्या नळीतून गळती होऊन आग लागली. २१ पैकी १९ जणांचा जीव गेला. जून २०२५ मध्ये ब्राझीलच्या प्राया ग्रांदेमध्ये हवेतच टोपलीत आग लागली. तिथेही २१ जण होते, त्यांपैकी ८ जणांचा मृत्यू झाला.

भारतातही घटना घडल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये राजस्थानातील बारां इथे जिल्हा स्थापना दिनाच्या कार्यक्रमात बलूनच्या दोरीबरोबर वर ओढला गेलेला कर्मचारी उंचावरून पडून मरण पावला. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील गांधीसागर इथे मुख्यमंत्री मोहन यादव बलूनमध्ये असताना वाऱ्यामुळे फुगा वर जाऊ शकला नाही आणि त्याच्या खालच्या भागाला आग लागली. ती लगेच विझवली गेली आणि मुख्यमंत्री सुखरूप राहिले. सुरक्षेत कसूर झाल्याचा आरोप प्रशासनाने फेटाळला. पण वारा समोर कोण आहे हे पाहत नाही, एवढं यातून सगळ्यांना दिसलं.

या घटना एकत्र पाहिल्या तर चार मुद्दे पुन्हा पुन्हा समोर येतात: हवामान, विजेच्या तारा, गॅस आणि माणूस. यातले तिन्ही धोके टाळण्याचा निर्णय शेवटी चौथा, म्हणजे माणूसच घेतो.

भारतात बलूनला परवानगी कोण देतं?

कायद्याच्या नजरेत हॉट एअर बलून हे खेळणं नाही, विमान आहे. १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात बांधलेले आणि मोकळे असे दोन्ही प्रकारचे बलून येत होते. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही यातली मुख्य यंत्रणा. बलूनची नोंदणी, तो उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र आणि पायलटचा परवाना हे सगळं तिच्या अखत्यारीत येतं. बलून पायलटचा परवाना वेगळा असतो. विमानाचा किंवा पॅराग्लायडिंगचा अनुभव आहे म्हणून कुणी बलून उडवू शकत नाही.

ग्राहकासाठी एक सोपी खूण आहे. भारतात नोंदलेल्या विमानावर इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘टी’ ही अक्षरं, मग छोटी आडवी रेघ आणि पुढे तीन अक्षरं असा क्रमांक असतो. बलूनही त्याला अपवाद नाही. कंपनीला हा क्रमांक विचारा आणि फुग्यावर तोच आहे का ते पाहा.

याशिवाय महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. जमीन, पाणी आणि हवेतल्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणातही बलूनिंगचा समावेश आहे.

‘आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत’ हे वाक्य पुरेसं नाही. कोणत्या, कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत वैध, हे तीन प्रश्न विचारा. खरी कंपनी कागदाचा फोटो पाठवायला कां-कू करत नाही. एजंटमार्फत बुकिंग करत असाल तर प्रत्यक्ष उड्डाण करणारी कंपनी कोणती, ते आधी विचारा. परवाना तिचा लागतो, एजंटचा नाही.

बुकिंगच्या वेळी वजन का विचारतात?

अनेकांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. उलट तो न विचारणारी कंपनी धोक्याची.

एक ढोबळ हिशेब पाहू. ३,००० घनमीटरचा फुगा आहे आणि आतली हवा १०० अंशांवर आहे असं धरू. मावळाच्या उंचीवर, बाहेर १५ अंश तापमान असताना हा फुगा साधारण ७८० किलो उचलू शकेल. बाहेर ३० अंश असेल तर हाच आकडा सुमारे ६१५ किलोवर येतो. या वजनात फुग्याचं कापड, टोपली, बर्नर, सिलिंडर, पायलट आणि प्रवासी असं सगळं आलं.

फरक जवळपास १६५ किलोंचा, म्हणजे दोन-अडीच माणसांचा. त्यामुळे जानेवारीत जेवढे प्रवासी नेता येतात तेवढे एप्रिलमध्ये नेता येत नाहीत. ‘अजून दोघे आहेत, अॅडजस्ट करू’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेबच केलेला नसतो. वजन सांगताना तुम्हीही पाच-दहा किलो कमी सांगू नका.

रद्द झालं तर पैसे कुणाचे बुडतात?

हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो सुरक्षेचा आहे.

समजा, पहाटे सहा वाजता आठ प्रवासी मैदानावर उभे आहेत. वारा थोडा जास्त आहे. उड्डाण रद्द केलं तर कंपनीला सगळे पैसे परत करावे लागतील आणि पायलटला त्या दिवसाचं मानधन मिळणार नाही. प्रवासीही चिडलेत, कारण ते रात्री तीनला उठून आलेत. अशा वेळी ‘चला, जाऊन येऊ’ म्हणायचा दबाव पायलटवर चारही बाजूंनी असतो.

चांगली कंपनी हा दबाव आधीच काढून टाकते. हवामानामुळे उड्डाण झालं नाही तर पूर्ण परतावा किंवा नवी तारीख, हे तिने लेखी दिलेलं असतं. रद्द झाल्यामुळे पायलटच्या पैशांना कात्री लागत नाही. अंतिम निर्णय पायलटचा आणि त्यावर मालकाचा फोन येत नाही, अशी तिथली पद्धत असते.

म्हणून बुकिंगच्या वेळी सरळ विचारा: ‘गेल्या हंगामात हवामानामुळे किती सफरी रद्द केल्या?’ ‘आमची एकही ट्रिप कधी कॅन्सल झालेली नाही’ असं उत्तर अभिमानाने आलं, तर तो गुण नाही. मावळातल्या हवेत महिनोन् महिने एकही सकाळ वाईट न निघणं शक्यच नाही.

आणि ही जबाबदारी प्रवाशाचीही आहे. उड्डाण रद्द केलं म्हणून एक स्टार देणारा रिव्ह्यू पुढच्या पायलटवर दबाव टाकतो. ज्या रिव्ह्यूत ‘आमची ट्रिप रद्द झाली, पैसे चार दिवसांत परत आले’ असं लिहिलं असेल, तो रिव्ह्यू पाच स्टारच्या दहा रिव्ह्यूंपेक्षा जास्त कामाचा.

पैसे भरण्याआधी विचारायचे दहा प्रश्न

१. प्रत्यक्ष उड्डाण कोणती कंपनी करणार?
२. बलूनचा नोंदणी क्रमांक काय आणि त्याचं प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे?
३. पायलट कोण, बलूनचा परवाना आहे का, किती तासांचा अनुभव आहे?
४. पायलटची वैद्यकीय तपासणी झालेली आहे का?
५. प्रवाशांचा विमा आहे का, किती रकमेचा?
६. टोपलीत किती जण असतील?
७. किती वाऱ्याला उड्डाण रद्द करता?
८. रद्द झाल्यास परतावा किती दिवसांत, आणि हे लेखी मिळेल का?
९. जमिनीवरून गाडीने पाठलाग करणारा चमू आणि त्याच्याशी वायरलेस संपर्क असतो का?
१०. सफर मोकळ्या उड्डाणाची आहे की दोरीने बांधलेल्या बलूनची?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. महोत्सवात किंवा रिसॉर्टवर अनेकदा बांधलेला बलून असतो. तो काही मीटर वर जातो आणि खाली येतो. जाहिरातीत मात्र फोटो डोंगरावरून तरंगणाऱ्या बलूनचा असतो. बांधलेला आहे म्हणून तो आपोआप सुरक्षितही ठरत नाही. वाऱ्याचा झोत आला तर मोकळा बलून वाऱ्याबरोबर सरकतो, बांधलेल्याला तो झोत पूर्ण सोसावा लागतो.

ऑनलाइन बुकिंगमध्ये काय जपायचं?

दुसऱ्याचे व्हिडिओ उचलून पेज चालवणं अगदी सोपं आहे. कप्पाडोकियाची रील लावून खाली ‘लोणावळा’ लिहिलं की झालं. पेजवर जागेचं नाव, कंपनीचा पत्ता, जीएसटी क्रमांक असलेली पावती आणि अटी नसतील तर अॅडव्हान्स पाठवू नका. एखाद्या व्यक्तीच्या खासगी यूपीआय खात्यावर पैसे मागितले, तर आणखी सावध व्हा.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. कंपनी खरी आहे पण परतावा देत नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

उड्डाणाआधी सही घेतला जाणारा फॉर्म वाचूनच सही करा. ‘काहीही झालं तरी कंपनी जबाबदार नाही’ असं छापलं म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. तुमच्या स्वतःच्या विमा पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत का, तेही एकदा पाहून ठेवा.

मैदानावर पोहोचल्यावर काय पाहायचं?

उड्डाणाआधी पायलट किंवा कर्मचारी सगळ्यांना सूचना देतो का, ते पाहा. उतरताना टोपली आडवी होऊ शकते आणि थोडी फरपटूही शकते. अशा वेळी गुडघे वाकवून, पाठ प्रवासाच्या दिशेला करून आतले पकडदोर धरायचे असतात. पायलटने सांगेपर्यंत टोपलीतून बाहेर पडायचं नाही. एकजण जरी घाईने उतरला तरी वजन कमी होऊन बलून उरलेल्यांना घेऊन पुन्हा उसळी मारू शकतो. हे समजावून न सांगताच आत चढा म्हणत असतील, तर चढू नका.

गरोदर महिला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेले यांनी ही सफर टाळावी. टोपलीत बसायला जागा नसते, सुमारे तासभर उभं राहावं लागतं. ज्या मुलांना कठड्यावरून बाहेरचं दिसत नाही, त्यांना नेऊ नये. सुती कपडे आणि बंद बूट घाला. गॅसजवळ सिगारेट पेटवणारा कुणी दिसला, मग तो प्रवासी असो की कर्मचारी, तर लगेच हटका.

आणि सगळं जमून आलेलं असतानाही पायलट म्हणाला, ‘आज नको’, तर वाद घालू नका. मैदानाजवळच्या टपरीवर चहा घ्या, पुढची तारीख ठरवा आणि कंपनीचा नंबर सेव्ह करून ठेवा. पुढच्या वेळी तिच्याच टोपलीत चढा.